नळाचे पाणी आणि मोरीचे पाणी

मुंबई शहराला पाणी पुरविणारे तलाव आज सात आहेत : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. या नामावळीत इंजिनिअराचे नाव धारण करणारा तलाव एकच, तो म्हणजे मोडकसागर. आपल्या देशात राजांची, सरदारांची आणि दानशूर सावकारांची नावे तळ्यांना पुष्कळ मिळाली. पगारावर काम करणाऱ्या इंजिनिअराचे नाव मिळावे हा मान दुर्मिळच म्हटला पाहिजे.

पण हेच पाणी वापरून झाल्यावर ज्या वाटेने शहराबाहेर जाते, त्या वाटेवर कोणाचे नाव आहे? वरळीला शहराचा मैला जेथे पिढ्यान्‌पिढ्या पंपांनी उपसला जात आला, त्या जागेला लव्हग्रोव्ह म्हणतात. मराठीत सांगायचे तर प्रेमवन! या नावातील विनोद सोडला, तर मोरीच्या वाटेवर स्मरणात राहिलेले नाव सापडणे कठीण. येणाऱ्या पाण्याला आपण नारळ फोडतो, जाणाऱ्या पाण्याकडे नाक दाबून पाठ फिरवितो. वस्तुतः ही दोन्ही पाणी एकच आहेत, आणि ती एक आहेत हे ज्या शास्त्राने आपल्याला शिकविले त्याला सार्वजनिक आरोग्याचे स्थापत्यशास्त्र म्हणतात. मुंबईच्या भूमीवर ते शास्त्र कसे रुजले, कोणी रुजविले आणि त्याचा कोणता धडा अद्याप अपुरा राहिला आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विहिरींची मुंबई

गिरगावापासून भायखळ्यापर्यंतच्या रस्त्यांची आणि नाक्यांची जुनी नावे नुसती मोठ्याने उच्चारून पाहावी. धोबीतलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, दो टाकी, पायधुनी. यांतील बहुतेक ठिकाणी आज ओंजळभर पाणीही दिसत नाही. परंतु नळ येण्यापूर्वीची मुंबई या तळ्यांवर आणि वाडीवाडीतल्या विहिरींवर जगत होती. पाणी देणे हे पुण्यकर्म मानले जाई. भिखा बेहराम यांनी १७२५ साली कोटाजवळ खणलेली विहीर आजही चर्चगेटच्या परिसरात नांदते आहे. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी मुगभाटातील आपल्या बागेच्या विहिरींचे पाणी लोकांच्या तळ्यासाठी दिले. कावसजी पटेलांचे नाव तर तळे बुजल्यावरही सी. पी. टँक या अक्षरांत उरले आहे.

तथापि पुण्य कितीही मोठे असले तरी त्याने बेटाचा भूगोल बदलत नाही. मुंबईला नदी नाही. भोवताली समुद्र, विहीर खोल नेली की पाणी मचूळ. पाऊस पडला तर तळी भरणार, नाही तर तळाचा चिखल दिसणार. उघड्या पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरीत आणि त्यातून नारूसारखा रोग घरोघर पोचत असे. १८५४ साली पावसाने दगा दिला, आणि पुढील वर्षा-दोन वर्षांत होड्यांनी आणि नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीने शहरात पाणी आणण्याची पाळी आली. खाजगी दानाने एवढे मोठे शहर जगू शकत नाही, ही गोष्ट तेव्हा सरकारच्याही गळी उतरली.

विहार : पहिले पाऊल, पण एकच

हेन्री कॉनिबेअर हा इंजिनिअर या वळणावर पुढे येतो. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही त्याचाच. १८५२ साली त्याने मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला होता. त्याच्या पुढाकाराने साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमापाशी, विहार तलावाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० साली त्याचे पाणी शहरात आले. हिंदुस्थानातील अशा प्रकारच्या पहिल्या मोठ्या नागरी पाणीयोजनांत तिची गणना होते.

या योजनेचे मर्म उंचीत आहे. विहारची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर. डोंगरातून निघालेले पाणी बिडाच्या नळांतून केवळ आपल्या वजनाने चालत शहरात येते. त्याला ढकलायला यंत्र लागत नाही, कोळसा लागत नाही. पुढील कित्येक योजनांनी हेच सूत्र उचलले. १८७९ चे तुळशी, १८९२ चे तानसा, १९५७ चे वैतरणा, सर्वांचा आधार हा उतारच. मुंबईकर नळाची तोटी सोडतो तेव्हा सह्याद्रीचा उतारच त्याच्या कळशीत उतरत असतो.

विहारमधून प्रारंभी दररोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी मिळे. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. हिशेब केला तर माणशी ४० लिटरही पडत नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले ते १८६३ साली, म्हणजे नळ येऊन अवघी तीन वर्षे झाली असताना. त्या पिढीला हे पाणी केवढे अपूर्व वाटले असेल याची कल्पना करता येते.

परंतु एक मोठी गफलत झाली होती. आत येणाऱ्या पाण्याची व्यवस्था झाली, बाहेर जाणाऱ्याची झाली नाही. पूर्वी घरात दोन घागरी पाणी येई आणि ते मातीत जिरून जाई. आता लक्षावधी घागरी येऊ लागल्या. त्या जाणार कोठे? उघड्या गटारांत, चाळींच्या मागल्या बोळांत, जोत्याखालच्या मातीत. नळाने शहराची तहान भागविली आणि जमीन मात्र पाणथळ केली. गटारांच्या योजना निघत होत्या, अहवालांवर अहवाल लिहिले जात होते. पण मैला बंदराच्या अंगाला सोडावा की वरळीच्या अंगाला, यावर इंजिनिअरांचे आणि डॉक्टरांचे वाद वर्षानुवर्षे चालले.

वाद होण्याला कारणही होते. मुंबई म्हणजे सात बेटांमधली खाजणे बुजवून केलेली जमीन. कामाठीपुरा-भायखळ्याकडील सखल भाग भरतीच्या पातळीच्याही खाली. तलावाचे पाणी उताराने येते, पण मोरीचे पाणी उताराने जायला उतारच नाही. ते उपसावे लागते. म्हणून लव्हग्रोव्हचे पंप आले. म्हणून काही भागांत दाबलेल्या हवेच्या जोराने मैला वर ढकलण्याची शोनसाहेबाची युक्ती वापरावी लागली. येणारे पाणी निसर्ग फुकट आणून देतो, जाणाऱ्या पाण्याला मात्र रोजचा खर्च पडतो. मोरीची हेळसांड होण्याचे एक कारण या साध्या हिशेबात आहे.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. घरे रिकामी झाली, गिरण्या ओस पडल्या, तपासणीच्या जुलमाने लोक चिडले. १८९१ साली ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची वस्ती १९०१ च्या गणतीत ७ लाख ७६ हजारांवर आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या वेळची एक गोष्ट विशेष उद्बोधक आहे. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून उपजतो असा समज तोवर पक्का होता. साहजिकच पहिला संशय गटारांवर गेला. अधिकाऱ्यांनी गटारे समुद्राच्या पाण्याने धुऊन काढली, त्यांत जंतुनाशके ओतली. प्लेगचा खरा वाहक उंदरावरची पिसू होय, हे सिमाँ यांनी १८९८ साली मांडले, आणि १९०५ पासून पुढे परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने ते निर्विवाद सिद्ध झाले. म्हणजे बिळांवर असा पाण्याचा मारा करून उंदरांना घरांतच पिटाळले गेले असण्याचा संभव अधिक!

मग गटारांवरचा खर्च वाया गेला काय? मुळीच नाही. पटकी आणि विषमज्वर हे पाण्यातूनच पसरतात, आणि त्यांच्याशी लढण्याचे हत्यार म्हणजे शुद्ध नळ आणि बंद मोरी हेच. कारण चुकीचे कळले तरी काम बरोबर झाले, असा प्रकार विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून घडतो. त्यातून शहाण्याने एवढेच घ्यायचे, की इंजिनिअर, डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांनी एका ओसरीवर बसले पाहिजे.

माटुंग्याचा दिवा

याच काळात शहराच्या उत्तर टोकाला, माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात, एक प्रयोग चालू होता. हा आश्रम १८९० साली म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असावे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. शाहिरांचे पोवाडे जमविणारा हा अधिकारी रस्त्यावर पडलेल्या महारोग्यांना छप्परही मिळवून देत होता.

त्या आश्रमाच्या मैलापाण्याची व्यवस्था चार्ल्स कार्कीट जेम्स या ड्रेनेज इंजिनिअराकडे होती. त्याने मैला बंद टाकीत कुजविला. हवा लागू न देता मैला कुजला की सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात आणि जळणारा वायू सुटतो. १८९७ च्या सुमारास हा वायू जमवून माटुंग्यास त्याचा दिवाबत्तीसाठी उपयोग करण्यात आला, आणि पुढे त्यावर इंजिनही चालविण्यात आले. निचऱ्याचे पाणी शेतीला गेले. आज ज्याला आपण गोबर गॅस किंवा बायोगॅस म्हणतो त्याच्या जागतिक इतिहासात माटुंग्याच्या या टाकीचा उल्लेख हटकून येतो. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले त्या माणसांच्या विष्ठेपासून उजेड निर्माण झाला. याहून बोलका दृष्टांत एखाद्या कीर्तनकाराला तरी सुचला असता काय?

जेम्सचे दुसरे कार्य शिक्षकाचे. पौर्वात्य शहरांतील मैलापाण्याच्या प्रश्नांवर त्याने ग्रंथ लिहिला. विलायतेतल्या थंड हवेचे आणि मोजक्या पावसाचे आकडे येथे चालणार नाहीत, हा त्यातील मुद्दा. मुंबईत चार महिन्यांत वर्षाचा पाऊस कोसळतो. उरलेले आठ महिने गटारात गाळ बसतो. भांडी राखेने आणि मातीने घासण्याची रीत असली, की मोरीत वाळू जाणारच. लोक कसे राहतात हे पाहिल्याशिवाय त्यांची मोरी बांधता येत नाही, हा धडा पुस्तकी शास्त्राला मुंबईने दिला.

चाळीतला नळ

प्लेगच्या पोटी १८९८ साली मुंबई सुधार मंडळाचा, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा, जन्म झाला. गिरगावातून चौपाटीपर्यंत सँडहर्स्ट रोड निघाला, नागपाड्याची नवी आखणी झाली, दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि कामकरी वर्गासाठी बी. आय. टी. चाळी बांधल्या गेल्या. त्यांच्या मागोमाग १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. च्या २०७ चाळी आल्या. दहा बाय दहाची खोली, समाईक नळ, समाईक नहाणी, समाईक शौचकूप. आज या चाळी पाडून तेथे मनोरे उठत आहेत; पण लालबाग-परळच्या तीन पिढ्या त्या नळाच्या रांगेत वाढल्या.

परळच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बावीस वर्षे राहत होते. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड या चाळीत होते. मुंबईचा नळ म्युनिसिपालिटीचा. तो पट्टी मागतो, जात विचारत नाही. महाडचे तळेही तेथील नगरपालिकेने कायद्याने खुले केले होते, पण कागदावरचा ठराव तळ्याच्या काठापर्यंत पोचला नव्हता. पाणी सार्वजनिक होणे म्हणजे काय, हे त्या एका ओंजळीने स्पष्ट झाले.

मोरीच्या बाजूला मात्र जात शाबूत राहिली. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात 'हलालखोर कर' या नावाचाच एक कर होता. चाळीच्या मागे जो अरुंद बोळ ठेवला जाई तो पाटी घेऊन येणाऱ्या माणसासाठी. त्याने समोरच्या दाराने येऊ नये, कोणाच्या दृष्टीस पडू नये, अशी ती वास्तुरचना. गटारे आल्यावर पाटी जाईल, हे या शास्त्राचे मोठे आश्वासन होते. पाटी पुष्कळ अंशी गेलीही. पण तीच माणसे पुढे मॅनहोलमध्ये उतरू लागली. डोक्यावरचा मैला छातीपर्यंत आला, एवढाच बदल.

मोडकांची वैतरणा

१९४१ साली मुंबईची वस्ती पंधरा लाखांच्या आत होती. १९५१ साली बेटावरचीच वस्ती तेवीस लाखांवर गेली. महायुद्ध, फाळणी आणि गिरण्यांचा भरभराटीचा काळ यांचा हा परिणाम. तानसा पुरेनासे झाले. या वेळी शहराची स्थापत्यविषयक सूत्रे एन्. व्ही. मोडक यांच्या हाती होती. अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांच्यासह त्यांनी १९४८ साली बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. शहर केवळ उत्तरेकडे वाढवीत न नेता खाडीपलीकडेही त्याचा विस्तार व्हावा, हा त्यातील विचार पुढे नवी मुंबईच्या रूपाने ओळखीचा झाला.

वैतरणेवरचे धरण ही त्यांच्या नावाची खरी खूण. सुमारे ८२ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण, डोंगर पोखरून काढलेला बोगदा, आणि पुन्हा तेच जुने सूत्र : पाणी आपल्या वजनाने मुंबईत यावे. १९५७ साली ही योजना पुरी झाली. त्याच वर्षी शहराची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली, हा योगायोग ध्यानात घेतला म्हणजे हे पाणी किती वेळेवर आले ते कळते. विहारची आखणी परक्या हातांनी झाली होती. वैतरणा स्वतंत्र देशातील इंजिनिअरांनी पार पाडली. तलावाला मिळालेले नाव त्या आत्मविश्वासाचेही नाव आहे.

मोरीची बाजूही त्या काळी अगदीच उपेक्षित नव्हती. १९३० नंतरच्या दशकात दादरला मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र चालू होते. माटुंग्याच्या टाकीत जे लहान प्रमाणावर सिद्ध झाले होते, त्याचे हे मोठे भावंड. पण शहर फुगत गेले, दादरसारखी केंद्रे त्याबरोबर वाढली नाहीत, आणि समुद्र हीच सर्वांत स्वस्त टाकी ठरली.

हे शास्त्र शिकविणार कोण?

येथे शिक्षणाचा प्रश्न येतो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची परंपरा १८५४ पासूनची. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथूनच १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले आणि मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणूनही त्यांनी काम केले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि १९२३ साली ती भायखळ्याहून माटुंग्याला आली. पण पूल बांधणे आणि यंत्र फिरविणे यांना विद्यार्थ्यांच्या मनात जो मान, तो मोरीला नव्हता. मैलापाणी हा विद्वत्तेचा विषय होऊ शकतो, हे पटायला फार काळ लागला.

१९५८ साली नागपूरला या विषयाची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली; १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. तिचे संचालक राहिलेले प्रा. सोली आर्सीवाला आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली मैलापाण्याच्या उथळ तलावांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कल्पना अगदी साधी. मैलापाणी उथळ तळ्यात काही दिवस उन्हात ठेवावे. शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, त्यावर जगणारे जंतू घाण खातात, आणि पाणी निवळते. ना मोठे यंत्र, ना विजेचा खर्च. गरीब देशाजवळ ऊन भरपूर आहे, तेव्हा त्यालाच कामाला लावावे, ही ती दृष्टी. परदेशी विद्या पचवून आपल्या मातीत उगवलेली अशी प्राध्यापकी ज्या देशात रुजते, तेथे शास्त्र आपले होते. ही तळी जागा फार घेतात, म्हणून लालबाग-परळला त्यांचा उपयोग नाही, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील लहान गावांना तो धडा अजूनही घेण्यासारखा आहे.

उरलेला हिशेब

आज मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते, म्हणजे विहारच्या पहिल्या पाण्याच्या एकशेवीस पट. दुसऱ्या बाजूचा हिशेब मात्र १९ जानेवारी २०२३ पर्यंत लांबला. त्या दिवशी वरळी, धारावी, वांद्रे यांसह सात ठिकाणच्या आधुनिक शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. पहिला नळ आला त्याला तेव्हा १६३ वर्षे होत आली होती.

या हिशेबात आणखी दोन रकमा मांडल्याशिवाय तो पुरा होत नाही. एक, ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतून हे पाणी येते तेथील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उताराचा नियम पाण्याला लागू आहे. न्यायाने मात्र उलट, चढावर, जायचे असते, आणि त्याला पंप लागतो. दुसरी रक्कम मोरीत उतरणाऱ्या माणसाची. हाताने मैला साफ करविण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या वारसांना दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरविली. भरपाई वाढत गेली याचा अर्थ मृत्यू थांबले नाहीत असाच होतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात प्रभादेवीजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, तेव्हा सारे शहर हळहळले. त्याच भुयारात नेहमी उतरणाऱ्या माणसासाठी शहर इतके हळहळल्याचे फारसे ऐकिवात नाही.

शेवटी मिठी नदीकडे पाहावे. विहार तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी मिठीत उतरते. सुमारे १८ किलोमीटर चालून ती माहीमच्या खाडीला मिळते. उगमाशी मुंबईचा पहिला नळ आणि मुखाशी मुंबईची सर्वांत मोठी मोरी. मध्ये नदी एकच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या नदीने, आपण नदी आहोत, याची शहराला आठवण करून दिली.

गाडगे महाराज कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी गाव झाडून काढीत. आधी झाडू, मग देव, हा त्यांचा क्रम. कॉनिबेअरपासून मोडकांपर्यंतच्या इंजिनिअरांनी आपल्याला पाणी आणून दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्या दिवशी मिठीचे पाणी माहीमला विहारइतके निर्मळ पोचेल आणि त्यासाठी एकाही माणसाला भुयारात उतरावे लागणार नाही, त्या दिवशीच्या इंजिनिअराचे नाव कशाला द्यावे याचा विचार मुंबईने आतापासून करून ठेवावा. तलाव देऊन झाला आहे. नदी अजून शिल्लक आहे.